मागे लागलेले शब्द

विहिरीचं पाणी अजून गोड आहे. बाकी ओळखीचं काही राहिलं नाही.

मुलगा बैलांच्या झुली बघायला बाजारात गेला आणि मला इथे काठावर बसवून गेला. "माय, उन्हात फिरू नको, इथंच बस." बसले. गुडघे आता फिरू तरी कुठे देतात! अमरावतीच्या परकोटाबाहेरची ही जागा म्हणजे माझ्या भावाचा मळा. वांगी, मेथी, पालक, कडेकडेनं झेंडू आणि शेवंती. आता तिथे कौलारू शाळा उभी आहे. खिडक्या उघड्या, आत पोट्टे ओळीनं बसलेले, आणि सगळे एका सुरात ओरडून राहिले आहेत. प्रथमेला प्रत्यय नाही. द्वितीया, स, ला, ते. स, ला, ना, ते. तृतीया, ने, ए, शी.

एका पोराच्या तोंडून चुकून 'ले' गेलं असावं. मास्तरांनी छडी टेबलावर आपटली. "ले नाही, ला! घरी बोलता तसं इथं बोलायचं नाही." सगळी खोली हसली. ते पोरगंही हसलं बहुतेक, दुसरं करणार काय बिचारं.

माझ्याही जिभेवरचं 'ले' असंच गेलं. सून नाशिककडची आहे, माणूस म्हणून लाखात एक, पण तिनं टोकून टोकून माझ्या 'मले'चं 'मला' केलं. आता माझं बोलणं ना इकडचं ना तिकडचं. थकल्यावर किंवा रागावल्यावर तेवढं 'ले' आपसूक बाहेर येतं. आज ते त्या पोरांचं ओरडणं ऐकून आलं, आणि त्याच्यामागून वलंदेज साहेब आला.

त्याची गोष्ट सांगायची तर आधी तो कापूस सांगावा लागतो. अमेरिकेत कुठेशी लढाई जुंपली होती म्हणे. आम्हाला लढाई दिसली नाही, गाड्या दिसल्या. परकोटाच्या दरवाज्यापासून बडनेऱ्याच्या वाटेवर नजर जाईल तिथवर कापसाच्या गाड्या. बैलांच्या घुंगरांचा आवाज पहाटे सुरू व्हायचा आणि झोपताना कानात तसाच असायचा. हवेत कापसाची बारीक बारीक कुसं तरंगायची. भाकर तोंडात घातली की जिभेला कुसं लागायची, पाण्याच्या माठावर फडकं बांधावं लागायचं. घराघरात बाया रेचा फिरवून सरकी काढायच्या. सरकीचा तो तेलकट, थोडासा कोंदट वास अख्ख्या गावाला यायचा. ज्वारी पेरायला कोणी तयार नव्हतं. ज्यांच्या पायात कधी जोडा नव्हता त्यांनी बैलांच्या शिंगांना चांदी चढवली. लोक जोरानं हसायचे, जोरानं भांडायचे. एवढी बरकत आणि एवढी घाई मी पुन्हा कधी पाहिली नाही.

त्या दिवसांत मी भावाच्या घरी होते. नवरा पटकीनं गेला तेव्हा माझी यमी पोटात होती. सासर अचलपूरचं. बाळंतपणाला माहेरी आले ती तिथेच राहिले. भाऊ चांगला होता. वहिनीही वाईट नव्हती, पण चूल तिची होती. माझ्या हातचं वरण सगळ्यांना आवडायचं आणि मीठ मात्र तिला विचारून टाकावं लागायचं. अशा गोष्टी सांगितल्या की लोक म्हणतात, एवढंच ना? हो, एवढंच.

यमी म्हणजे माझं शेपूट. मी वाफ्यात तर ती वाफ्यात, मी विहिरीवर तर ती विहिरीवर, पदराचं टोक मुठीत धरूनच. वहिनी म्हणायची, "बाई, तुमचं लुगडं त्या पोट्टीनं अर्धं केलं." खरंच त्या टोकाची वीण उसवली होती.

सकाळी टोपली डोक्यावर घेऊन मी कापूस खरेदी करणाऱ्या एका मुंबईच्या कंपनीच्या बंगल्यावर जायची. यमी मागे असायचीच. तिथे राहणारा साहेब गोरा होता, पण इंग्रज नव्हता. कोणी इंग्रज म्हटलं की त्याला राग यायचा. पट्टेवाला सांगायचा, "हा वलंदेज हाये, डच म्हनतेत त्याले. याचा मुलूख समुद्राच्या पान्याखाली हाये, बांध घालून राह्यतेत." मला वाटायचं, थापा मारतो. लांब, वाकलेला माणूस, भुवया पिवळ्या, नाकावर सदा ऊन लागलेलं. मराठी तो मुंबईत पुस्तकावरून शिकलेला, त्यामुळे तो कीर्तनकारासारखा बोलायचा.

पहिल्यांदा मला म्हणाला, "बाई, आपणांस काय पाहिजे?"

मी म्हटलं, "मले काई नाई पायजे. तुमाले काय पायजे थे सांगा."

साहेब खुर्चीतून उठलाच. "मले! तुमाले! पुन्हा म्हणा."

मी घाबरले. वाटलं, काही वावगं बोलले. पण त्याचे डोळे हसत होते. "पुस्तकात 'ला' आहे. ह्या 'ले'चे मूळ काय असावे?"

"मूळ? मुळ्याची जुडी हाये, देऊ का?"

त्याला ते कळायला थोडा वेळ लागला. मग असा हसला की आतून बबर्ची धावत आला.

तेव्हापासून रोजचं झालं. भाजी बबर्चीनं घ्यायची आणि साहेबानं शब्द. पण त्याला अख्खा शब्द नको असायचा, त्याचं शेवटचं टोक हवं असायचं. वांगं, भेंडी, मेथी यांत त्याला गोडी नव्हती. लेकरू म्हटलं की कान टवकारायचा. लेक-रू. वास-रू. पाख-रू. कोक-रू. तो बोटांवर मोजत म्हणायचा, "बाई, लहानाला तुम्ही 'रू' लावता." मला काय माहीत! मी जन्मभर वासरू म्हणत आले, त्याला काही लावलेलं आहे हे मला कधी दिसलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तो मोठ्या खुशीत म्हणाला, "आज एक फूलरू द्या."

मी टोपली खाली ठेवून हसले. "फूलरू नाई म्हनत, साहेब. फुलाचं लहान म्हंजे कळी."

"का नाही म्हणत?"

"कावून म्हनजे? नाई म्हनत, बस."

तो हिरमुसला. असा हिरमुसला की यमीनं त्याच्या हातात झेंडूची एक कळी नेऊन ठेवली. "हे घे फूलरू," ती म्हणाली. मग त्या बंगल्यावर कळीला फूलरूच म्हणायला लागले, बबर्चीसुद्धा.

त्याच्या भाषेत मात्र लहानाचं शेपूट कशालाही लागायचं, कोणी अडवायचं नाही. ते 'त्ये' किंवा 'ये' असं काहीतरी होतं. जिभेचं टोक टाळूला लावून सोडायचं. झाडाला लावलं की इवलंसं झाड, घराला लावलं की छोटं घर. पेल्याला, पावाला, दिवसालाही लावायचे. दिवसाला कसं लावता म्हटलं, तर म्हणाला, बरा गेलेला दिवस असतो, त्याला लावतो. त्याच्या आजीच्या गावाकडे तेच शेपूट 'के' होतं, आणि त्याच्याही आधी, जुन्या पोथ्यांमध्ये, 'किन'. झिजत झिजत 'त्ये' झालं. त्याची एक मुलगी होती, ग्रीत. ती आपल्या आजीजवळ, त्याच्या मुलखात. तिला तो ग्रीत कधी म्हणायचा नाही. ग्रीत्ये. नाव घेताना आवाज एकदम खाली यायचा.

यमीला तो 'मेइशे' म्हणायचा. म्हणजे मुलगी. मी विचारलं, शेपूट काढलं तर काय उरते? तो जरा अडला. म्हणाला, काही शब्दांचं शेपूट काढता येत नाही. याचं काढलं तर 'मेइत' उरतं, आणि आता आमच्याकडे त्याचा अर्थ घरात कामाला ठेवलेली बाई असा झाला आहे. मी म्हटलं, बरोबर आहे. त्याला वाटलं मी थट्टा केली.

दुपारच्या उन्हात एकदा तो फार बोलला होता. तो दिवस मला लख्ख आठवतो, कारण बाहेर गाड्यांची रांग अडली होती आणि गाडीवान एकमेकांच्या आयामाया काढत होते. मी निघू शकत नव्हते. यमी व्हरांड्यातल्या चटईवर झोपली होती. साहेब म्हणाला, "बाई, शेपूट आधी शेपूट नसते. आधी तो एक शब्द असतो. त्याचे स्वतःचे घर असते. मग तो म्हातारा होतो, किंवा त्याचे वाईट दिवस येतात, आणि तो दुसऱ्या शब्दाच्या घरी राहायला जातो. तिथे त्याला मागची खोली मिळते. काही पिढ्यांनी त्याचे नाव कोणालाच आठवत नाही."

मी यमीच्या तोंडावरची माशी हाकलली.

त्यानं मग एकेक सांगितलं. एक होतं 'हेइत', त्याचा अर्थ एके काळी तऱ्हा असा होता. आता ते एकटं कुठे दिसत नाही. चांगुलपणाच्या, स्वातंत्र्याच्या, आजाराच्या मागे लागून जगतं. एक होतं 'स्खप', म्हणजे घडवलेलं. ते लागून आईपण होतं आणि तेच लागून विधवापण होतं. मी म्हटलं, आमच्यातही तसंच आहे, 'पण' दोन्हीला लागतं. तो खूश झाला, मी झाले नाही. आणि एक होतं 'लेइक'. त्याचा जुना अर्थ देह. मित्राच्या मागे लागलं की प्रेमळ, घराच्या मागे लागलं की घरगुती. "परंतु आज तो शब्द एकटाच उच्चारला," साहेब म्हणाला, "तर त्याचा अर्थ फक्त प्रेत."

"म्हंजे एकटं राह्यलं तर मढं," मी म्हटलं, "अन् दुसऱ्याच्या मांगं राह्यलं तर कामाचं."

साहेबानं चिलीम तोंडातून काढली. माझ्याकडे बघितलं, मग माझ्या कपाळाकडे बघितलं, आणि त्याला समजलं असावं. तो इतका लाजला की मलाच त्याची दया आली. बाहेर गाड्या हलल्या तशी मी यमीला खांद्यावर टाकून निघाले.

श्रावण मला त्याच वाटेवर भेटला. अकोल्याला कापसाच्या गठाणी बांधणारा माणूस, अमरावतीला गाड्यांबरोबर यायचा. काळा, उंच, दाढीत सदा कापूस अडकलेला. त्याला म्हातारा समजून मी पहिल्यांदा "बाबा, जरा सरका" म्हटलं होतं. तो सरकला आणि म्हणाला, "बाबा नाई वं, अजून लगन नाई झालं माह्यं." त्याचे सोबती आठ दिवस त्याला बाबा म्हणत होते. पुढे तो मळ्यावर यायला लागला. मेथी घ्यायचा. एकट्या माणसाला एवढी मेथी कशाला लागते, असं वहिनीनं विचारलं तेव्हा विषय निघाला.

आम्हा माळ्यांत विधवेचा पाट लागतो. बामणांसारखं नाही. त्यामुळे भावाला अडचण वाटली नाही, उलट त्याचा चेहरा उजळला. मलाही लाज वाटत नाही सांगायला, मला ते घर हवं होतं. अकोल्याला दोन खणांची जागा होती त्याची. मी कधी पाहिली नव्हती, पण रोज रात्री झोपताना मी तिथली चूल कुठल्या भिंतीला असेल ते ठरवायची. मीठ कोणाला न विचारता टाकायचं, बस, एवढंच मागणं होतं.

दोन गोष्टी आड होत्या. पहिली सोपी होती. श्रावण बिनलग्नाचा. बिनलग्नाच्या माणसानं विधवेशी पाट लावला तर दोष लागतो, म्हणून आधी त्याचं रुईच्या झाडाशी लग्न लावतात. आमच्या मळ्याच्या बांधावरच रुई होती. श्रावणाला मुंडासं बांधून झाडासमोर उभं केलं. रुईला हळद लावली, कुंकू लावलं, बुंध्याला सूत गुंडाळलं, वर तांदूळ टाकले. मग पंचांपैकी म्हाताऱ्यानं ते झाड मुळासकट उपटलं आणि नाल्यात टाकून दिलं. "गेली बिचारी," म्हातारा म्हणाला. "सोन्यासारखी बाई होती." श्रावण विधुर झाला. सगळे हसून हसून वाकले. वहिनी म्हणाली, "बिजवराले दिली बापा आमची बाई!" मीही हसले. त्या वर्षात मी तेवढीच हसले असेन.

साहेब ते पाहायला आला होता. बांधापलीकडे टोपी हातात घेऊन उभा. त्यानं नंतर विचारलं, झाडाला नाव दिले होते काय? मी म्हटलं, नाही.

दुसरी गोष्ट यमीची. पाट लावून गेलेल्या बाईचं मूल तिच्यासोबत जात नाही. ते पहिल्या घराचं. पंच म्हणाले, "वावर ज्याचं, पीक त्याचं." श्रावण बोलून पाहत होता, "येऊ द्या न पोट्टीले, खाईन दोन घास." पंचांनी त्याला गप्प केलं, तो बाहेरचा. अचलपूरहून भासरे, माझे थोरले दीर, आले, सोबत जाऊबाई आल्या. जाऊबाईंना मूल नव्हतं. भरल्या अंगाची, कमी बोलणारी, डोळे फार सुंदर. तिनं माझ्याशी भांडण केलं असतं तर बरं झालं असतं. तिनं माझे पाय धरले.

"तुले अजून होतील वं," ती म्हणाली. "मले नाई होत. डोळ्यात तेल घालून पाहीन मी तिले. पन एक कर. तिले सांगू नोको. लहान हाये, इसरून जाईन. दोन माया झाल्या त पोरगी कोनाचीच नाई होत."

मी हो म्हटलं. कावून म्हटलं ते मला विचारू नका. मी स्वतःला विचारून दमले.

बैल जुंपलेली दमणी दारात उभी होती. यमीनं माझा पदर धरला होता, नेहमीसारखाच. मी सोडवत नव्हते आणि कोणी सोडवायला पुढे येत नव्हतं. जाऊबाईनं गुळाचा मोठा खडा काढला, नारळाएवढा नसेल, पण पोरीच्या हातांना मोठा. यमीनं एका हातानं घेऊन पाहिला, पेलवेना. मग तिनं माझा पदर सोडला आणि दोन्ही हातांनी गूळ धरला. भासऱ्यांनी तिला उचलून दमणीत ठेवलं. ती गुळाकडेच बघत होती. रडली नाही. मीच रडले, पण गाडी वळल्यावर.

दुसऱ्या सकाळी टोपली घेऊन बंगल्यावर गेले. साहेब व्हरांड्यात होता. त्यानं माझ्यामागे पाहिलं, खाली, जिथे ती असायची तिथे. "मेइशे?" म्हणाला. मी मान हलवली. त्या दिवशी त्यानं एकही शब्द मागितला नाही. वांगी त्यानंच टोपलीतून काढली, एकेक, हळूहळू, बबर्चीला हाक न मारता.

अकोल्याची चूल पूर्वेच्या भिंतीला निघाली. मीठ मी कोणाला न विचारता टाकलं. पहिल्या दिवशी जास्त झालं, श्रावण पाणी पीत जेवला. भला माणूस होता. मग कापसाचे दिवस ओसरले. घुंगरं कमी झाली, शिंगांवरची चांदी उतरली, लोक पुन्हा हळू बोलायला लागले. श्रावण संध्याकाळी दाढीतला कापूस काढत ओट्यावर बसायचा, आणि मग दाढीत कापूसही येईनासा झाला. साहेब केव्हा गेला ते मला कळलं नाही. ग्रीत्ये केवढी झाली असेल, असं मात्र मी किती वर्षं मनात मोजत राहिले. ती आणि यमी एका वयाच्या होत्या.

अचलपूरला मी दोनदा गेले. यमीला मी अकोल्याची मावशी म्हणून माहीत. दुसऱ्या वेळी तिनं मला अंगणात सागरगोटे खेळून दाखवले. जाऊबाई दारात उभी होती, नजर माझ्या तोंडावर. मी शब्द पाळला. यमीच्या लग्नाला जायचा प्रश्नच नव्हता, पाटाच्या बाईला मांडवात कोण उभं करतं! रिद्धपूरला दिली, घर चांगलं, एवढं कळलं.

शाळेत घंटा झाली. पोट्टे विहिरीवर धावत आले, त्यांच्यामागून मास्तर. एकानं पोहरा काढून मला आधी पाणी दिलं. "घ्या आजी, तुमाले पयले." मास्तरांनी ऐकलं, पण छडी आत राहिली होती. मी प्यायले आणि पोऱ्याच्या डोक्यावरून हात फिरवला. मग ते ओरडत निघून गेले. मुलगा अजून यायचा आहे. उन्हं भिंतीवर चढली आहेत आणि मला रिद्धपूरचीच ती दुपार आठवते, दुसरं काही मनात थांबत नाही.

यमी सासरी नांदायला गेल्याला काही महिने झाले होते. मला राहवलं नाही. श्रावणाला सांगितलं, देवाला जाऊन येते. रिद्धपूर महानुभावांचं ठिकाण, कोणीही जातं, कोणी विचारत नाही. निघताना पदरात दोन भाकरी आणि मिरचीचा ठेचा बांधून घेतला. लेकीला मूल होईपर्यंत मायबाप तिच्या घरचं अन्न खात नाहीत, पाणीही पीत नाहीत. ती रीत मी मनात धरून निघाले होते. कोणाला सांगायची नव्हती, पण पाळायची होती. तेवढी एकच गोष्ट मला माय म्हणून करता येण्यासारखी उरली होती.

घर विचारत गेले. यमी दारातच होती. उंच झाली होती, डोक्यावर पदर, नाकात नथ नवी, अजून दुखत असावी, सारखा हात जात होता. मला पाहून तिचा चेहरा खुलला. खरंच खुलला, उगाच कशाला म्हणू? "अगबाई, मावशी! अकोल्याच्या मावशी आल्या!" तिनं आत सासूला सांगितलं. पाय धुवायला पाणी दिलं. मी पाय धुतले, पण गडव्यातलं पाणी प्यायले नाही. तहान नाही म्हटलं. घसा कोरडा पडला होता.

बोलत बसलो. म्हणजे ती बोलत होती. नवरा कसा, सासू कशी, म्हैस कशी. बोलताना मान कलती करायची तिच्या बापाची सवय होती तिला. त्याला तिनं कधी पाहिलंही नव्हतं. सासूनं आतून सांगितलं, पान वाढ. मी म्हटलं, नको, माझं झालं आहे, सोबत भाकर होती, वाटेत खाल्ली. पदरातली गाठ मी मांडीखाली सरकवली.

पण ती ऐकेना. ताट आणून पुढे ठेवलंच. ज्वारीची गरम भाकर, वांग्याची भाजी, वर तेलाची धार, कडेला कांदा. मी हात मांडीवर ठेवून बसले.

"जेवा न, मावशी."

"नको वं बाई. खरंच भूक नाई."

ती ताटाशेजारी बसली. तिचा चेहरा उतरला. "काल-परवा माय आल्ती," ती म्हणाली. "एवढं रांधलं मी तिच्यासाठी, तिनं पान्यालेबी हात नाई लावला. उपाशी गेली. मायले लेकीच्या घरचं चालत नाई न. मले लय वाईट वाटलं." मग तिनं भाकरीचा एक तुकडा मोडून माझ्या ताटात नीट लावला, लहान पोराला लावतात तसा. "तुमाले काय, मावशी? तुमाले चालते."

दारातून ऊन आत आलं होतं. कुठेतरी म्हैस हंबरली. सासूनं आतून विचारलं, पाहुण्या जेवल्या का?

मी ताट पुढे ओढलं आणि जेवले. भाजी संपली तेव्हा पुन्हा मागून घेतली, आणि तिनं दिलेलं पाणी गडवाभर प्यायले.